मुकादमाची वही

आमच्या सूनबाईंचं काय सांगावं! बोक्यानं सकाळी काय केलं, किती केलं, घट्ट केलं की पातळ, हे सगळं ती वहीत लिहून ठेवते. तारीख घालून, वार घालून. आणि वही कुठली, तर मी माझ्या हातांनी शिवलेली, कापडी पाठीची, कोपऱ्यांना कातडं लावलेली. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला दिली होती तिला. अशा वहीत लोक गाणी उतरवतात, पोराबाळांची उंची लिहून ठेवतात. हिनं चार वर्षं ती कपाटात जपली आणि शेवटी पहिल्या पानावर लिहिलं काय? ‘सकाळी सात. शी मऊ. रंग फिकट.’

एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. पण तिनं स्वयंपाकघरात छोटा तराजू आणून ठेवला. बोक्याचं जेवण त्यावर तोलायचं. एक तुकडा जास्त झाला तर परत डब्यात. मी दोन मुली आणि एक मुलगा वाढवला, कुणाचा घास कधी तोलला नाही. तिघंही धडधाकट आहेत. मुलगा तर जरा जास्तच.

तिचा तरी काय दोष म्हणा. ती पाणी तपासायच्या खात्यात नोकरीला आहे. गावभरच्या नळांचं पाणी इवल्या इवल्या बाटल्यांत भरून आणायचं, त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि लिहायचं. दिवसभर हेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की घरसुद्धा बाटलीत मावतं.

आमचं घर वर आणि बाइंडिंगचा कारखाना खाली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला शिलाईचं टेबल, मधे लोखंडी दाबयंत्र, भिंतीला टेकलेले पुठ्ठ्यांचे ढीग, आणि रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी. तिच्यातून दुपारी दोन ते चार असं ऊन आत येतं की कागदसुद्धा सुस्तावतात. मुलगा पुठ्ठे कापतो, बांधणी करतो. शिलाई आणि चिकटवणं माझ्याकडे. आमचे हे, डोळे अधू झाल्यापासून, वरच्या खोलीत खुर्चीत बसून रेडिओ ऐकतात.

आणि मुकादम. अकरा वर्षांपूर्वी कागदाच्या गठ्ठ्यांच्या गाडीतून एक मूठभर पिवळं पिल्लू उतरलं आणि सरळ दाबयंत्रावर जाऊन बसलं. तेव्हापासून तसंच चाललंय. स्वतः कामाला पंजा लावायचा नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यावर बसून काम बघायचं, मधेच जांभई द्यायची आणि पसंत पडलं नाही की शेपूट आपटून निघून जायचं. अशाला मुकादम नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हा मुकादम म्हणजे एरवी दगड पचवणारा. पण मागे तीन महिने त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. दोन दिवस काही व्हायचंच नाही, वाळूच्या ट्रेमध्ये बसून बिचारा भिंतीकडे बघत राहायचा. तिसऱ्या दिवशी धरण फुटल्यासारखं. आणि उलट्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, नुकत्या वाळलेल्या कव्हरवर. एकदा मुलाच्या बुटात. मुलानं घाईघाईत पाय आत घातला आणि जो शब्द उच्चारला तो काही मी त्याला शिकवला नव्हता.

आधी आम्ही हसलो. मग त्याला उचलल्यावर पाठीची हाडं हाताला मण्यांसारखी लागायला लागली. हसणं बंद झालं.

माझं म्हणणं, भाताची पेज पाजा. सुनेचं म्हणणं, मांजर मांस खाणारा प्राणी आहे आई, त्याला भात कशाला? मी म्हटलं, “मग काय तुझ्या पाकिटातले खडे घालायचे? ते तर माझ्या बटणांच्या डब्यातल्यासारखे दिसतात.” ती म्हणाली, “पचायला हलके आहेत ते.” मी म्हटलं, “हलके आहेत म्हणूनच वर येतात.” मुलगा ताटात तोंड घालून जेवत राहिला. दोन बायकांच्या मधे पडू नये एवढी अक्कल त्याला बापाकडून मिळाली आहे.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयानं तरुण, पण हात जुन्या सुइणीसारखे. मुकादम त्या हातांखाली मुकाट आडवा झाला. घरी नखं कापायला गेलं तर चौघांच्या हातावर सह्या करतो. तिनं पोट चाचपलं, पोटाचा फोटो काढला, सुनेनं सोबत नेलेली छोटी बाटली उजेडाकडे धरून बघितली. त्या बाटलीत काय होतं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. सून आणि ती एकमेकींकडे बघून अशा माना डोलवत होत्या, जणू दोघी एकाच शाळेतल्या.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आतड्यात एका जागी काहीतरी जाडसर दिसतंय. गाठ असेल, नसेलही. औषध देते आणि एकाच प्रकारचं खाणं द्या, दुसरं काही म्हणजे काही नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पोट उघडून बघावं लागेल.”

“उघडून बघा की,” मी म्हटलं, “पण परत शिवून देताय ना?”

ती हसली नाही. “शिवेन आजी. पण त्याचं वय अकरा आहे आणि वजन उतरलंय. भुलीतून उठेलच, असं मी सांगू शकत नाही.”

येताना वाटभर पिंजऱ्यात फक्त तोच तेवढा बडबडत होता.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “काय म्हणाली?” सुनेनं सगळं नीट सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. ही एक गोष्ट तिची चांगली आहे. मुकादम तोवर ह्यांच्या मांडीवर चढून गोल झाला होता. ह्यांचा हात त्याच्या पाठीवर होता, तो तसाच थांबला.

“तो मांडीवर येऊन बसला की मला कळतं, संध्याकाळ झाली,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर कागद लागला. लाल अक्षरात: ‘मुकादमला फक्त डब्यातलं खाणं. दुसरं काहीही नाही.’ आणि खाली बशीचं चित्र काढून त्यावर फुली. चित्र कुणासाठी, ते मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? चौथी शिकलेय मी. सावकाश वाचते, पण वाचते. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, वाचायला सवड झाली नाही, म्हणून काय मला चित्रं काढून दाखवायची?

चारच दिवसांत मुकादमानं पुन्हा जिन्यात ओकलं. सून पुसून आली, हात धुतले आणि टेबलाशी बसून म्हणाली, “आई, कोणीतरी त्याला काहीतरी खायला घालतंय.”

“कोणीतरी म्हणजे कोण? घरात माणसं चार. तू सोडून तीन. तुझा नवरा स्वतःचं पान वाढून घेत नाही, तो बोक्याला काय वाढणार? उरलो आम्ही दोघं म्हातारे. नाव घे की सरळ.”

“मी नाव घेतलं नाही.”

“न घेता घेतलंस.”

“बरं, मग विचारते. तुम्ही त्याला काही देता का?”

आता इथे खरं सांगते. देत होते. दुधावरची साय, रोज एक चमचा, सकाळी, कुणी उठायच्या आत. अकरा वर्षं देत आले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावरसुद्धा चार दिवस दिली, कारण तो असा बघतो की दगडालाही पाझर फुटेल. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्या घरात मांजर डोळे उघडे ठेवून प्यायचं, मिटायची ती मीच.

“साय,” मी म्हटलं. “चमचाभर. आजपासून बंद.”

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. “मी माशाचा तुकडा द्यायचो. लहानसा. तो मागतो.”

“तुम्हीपण मागता,” मी म्हटलं, “मी तुम्हाला मागाल ते सगळं देते का?”

सुनेला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण मी बघितलं. साय बंद झाली, मासा बंद झाला. हे जेवताना काटे मोजून ताटाबाहेर ठेवायला लागले, म्हणजे संशय नको.

आणि तरीही शनिवारी सकाळी उलटी. बुधवारी पुन्हा.

सून आता काही बोलली नाही. तेच वाईट. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती फक्त माझ्याकडे बघायची आणि मग नजर वळवायची. माझी जीभ तिखट असेल, खोटी नाही. पण तिखट जिभेवर कोण विश्वास ठेवतं? येत्या शनिवारी सकाळी पोट उघडायचं, असं डॉक्टरीणबाईंशी ठरलं. त्या बुधवारी संध्याकाळी सून वही उघडून बसली होती. पेन हातात होतं, लिहीत काहीच नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “मी सगळं बरोबर करतेय. मोजून, वेळेवर. मग का?”

उत्तर नसलं की मी चहा टाकते. टाकला.

गुरुवारी ती कामावर गेली, मुलगा तयार गठ्ठे पोचवायला गेला आणि मी वही उघडली. उगाच साळसूदपणा करत नाही, बोक्याच्या काळजीनं नाही उघडली. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला उघडली. ‘सासू ऐकत नाही’, ‘सासूनं आज पुन्हा साय दिली’, असं काहीतरी असणारच. चष्मा पुसला, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत निघाले. अक्षर कसलं, मुंग्यांची रांग.

सगळी वही चाळली. माझ्याबद्दल एक शब्द नाही. खरं सांगायचं तर जरा वाईटच वाटलं.

पण चाळता चाळता एक शब्द पुन्हा पुन्हा दिसायला लागला. ‘उलटी.’ तो एकदा ओळखीचा झाल्यावर वाचावा लागेना, दुरूनच दिसायचा. आणि त्याच्या शेजारी वार. बुधवार. शनिवार. बुधवार. शनिवार. पान उलटलं, बुधवार. एखादा रविवार चुकून. मधल्या एका आठवड्यात मात्र बुधवारही कोरा आणि शनिवारही कोरा. तिथे सूनबाईंनी चांदणी काढून लिहिलं होतं, ‘नवीन खाणं लागू पडलं!’ पुढच्या आठवड्यात चांदणी गेली, मुंग्या परत आल्या.

तो आठवडा माझ्या लक्षात होता. खाण्यामुळे नाही. त्या आठवड्यात सरस आला नव्हता.

सरस म्हणजे आमच्या धंद्यातला जुना डिंक. जनावरांच्या हाडाकातड्याचा करतात. विटेसारखे तुकडे येतात, ते रात्रभर भिजवायचे आणि गरम करून ब्रशनं जाड पुस्तकांच्या पाठीला लावायचे. वास असा की नवखा माणूस बाहेर पळतो. हल्ली सगळे बाटलीतला पांढरा डिंक वापरतात, पण जाड रजिस्टरांना मी सरसच लावते, तीस वर्षांनी उघडलं तरी पान हलत नाही. आमच्याकडे सरस आठवड्यातून दोनदाच तापतो. मंगळवारी आणि शुक्रवारी.

सुनेला उलटीचे वार माहीत होते, पण सरस कधी तापतो ते माहीत नव्हतं, ती त्या वेळी कामावर असते. मला सरस माहीत होता, पण वार तिच्या वहीत होते. मी वही मिटली. होती तशी जागेवर ठेवली.

शुक्रवारी काम संपलं. ब्रश पाण्यात धुवायचा नाही, हा माझा नियम. धुतला की केस सुटतात, आणि सरस वाया जातो तो वेगळाच. गोणपाटाच्या तुकड्यावर दाबून पुसायचा, गोणपाट वाळत घालायचं, पुढच्या वेळी तेच भिजवून परत वापरायचं. चाळीस वर्षं मी हे सगळ्यांना ओरडून ओरडून शिकवलंय. त्याप्रमाणे पुसलं, गोणपाट खिडकीत उन्हात पसरलं. मुलगा चहाला वर निघाला. मी म्हटलं, तू हो पुढे, आणि पुठ्ठ्यांच्या ढिगामागे स्टुलावर दबा धरून बसले. या वयात! कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी भ्रमली.

मुकादम जिन्यावरून उतरला. घाई नाही, गडबड नाही. खिडकीत चढला, उन्हात अंग ताणलं, इकडे तिकडे बघितलं. आणि गोणपाटाचा एक कोपरा दोन पंजांत धरून चाटायला लागला. चाटतोय कसला, जेवतोय! डोळे मिटलेले, कान मागे, मधेच मान वाकडी करून दाढेनं तोडायचा, चावायचा, गिळायचा. सुनेचे तोललेले खडे खाताना त्याच्या चेहऱ्यावर असं सुख मी कधी बघितलं नव्हतं.

“सोड मेल्या!” मी ओरडले आणि गोणपाट ओढलं. त्यानंही ओढलं. तेवढ्यात मुलगा परत आला.

“आई, तू मुकादमशी कशाला भांडतेयस?”

“गप. पुठ्ठे आवर.”

आता गंमत बघा. गोणपाट माझ्या हातात होतं आणि बघणारं कुणी नव्हतं. ते मी चुलीत घातलं असतं तर बोका आपोआप बरा झाला असता आणि मी म्हटलं असतं, बघा, मी साय बंद केली त्याचा गुण. झाकली मूठ सव्वा लाखाची. मनात आलं, नाही असं नाही. पण उद्या सकाळी त्याचं पोट उघडणार होते. मी गप्प राहिले असते तर माझ्या मुठीसाठी त्याच्या पोटावर सुरी फिरली असती.

सून घरी आली तेव्हा उजेड होता अजून. तिनं पिंजऱ्यात मऊ टॉवेल घातला, खाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला, कारण उद्यासाठी त्याला उपाशी ठेवायचं होतं. हे खुर्चीत, मुकादम मांडीवर. मी आत गेले आणि गोणपाट टेबलावर तिच्यासमोर टाकलं.

“घे. तुझा नमुना.”

“हे काय आई?”

“ब्रश पुसायचं गोणपाट. वास घे.”

दुसरी कुणी असती तर नाक मुरडलं असतं. हिनं सवयीनं वास घेतला, पाण्याचा घेते तसा. मग ते उजेडात धरलं, बोटानं कडा चाचपल्या. तीन कोपरे होते.

“चौथा कुठंय?”

“मुकादमाच्या पोटात,” मी म्हटलं. “मंगळवारी सरस तापतो, बुधवारी तो ओकतो. शुक्रवारी तापतो, शनिवारी ओकतो. तुझ्याच वहीत आहे. चांदणीच्या आठवड्यात सरस नव्हता.”

तिनं वही ओढली, पानं भराभर उलटली. मुलगा मधेच म्हणाला, “पण आई, गोणपाट तर मागच्या अंगणात दोरीवर असतं ना? मुकादम कधी अंगणात जात नाही. वर्षानुवर्षं तिथेच वाळतंय ते.”

“वाळायचं,” मी म्हटलं.

“खिडकीत कधीपासून घालता?” सुनेनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“असतील तीन महिने.”

“का?”

आता काय सांगायचं? मागे सहा पायऱ्या आहेत, दगडी, कठडा नसलेल्या. चढायला काही नाही. उतरताना डावा गुडघा नको म्हणतो, घरातल्या जिन्याला निदान धरायला कठडा तरी आहे. पण हे कुणाला सांगितलं असतं तर उद्या मला कारखान्यातून उठवून खुर्चीत बसवलं असतं, ह्यांच्या शेजारी, एक रेडिओ दोघांत.

“तिकडे ऊन कमी असतं,” मी म्हटलं.

“तिला उतरवत नाही,” खुर्चीतून हे म्हणाले. “तीन महिने मागच्या पायऱ्यांवर तिची पावलं ऐकली नाहीत मी.”

डोळे गेले की माणसाचे कान किती आगाऊ होतात, बघा.

सून काहीतरी बोलेल म्हणून मी सात उत्तरं तयार ठेवली होती. ‘मी म्हणत नव्हते?’ असं म्हणाली असती तर एक, ‘तुम्ही लपवलंत’ म्हणाली असती तर दुसरं. सातही वाया गेली. तिनं एकदा माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. सरस, गोणपाट, वार, कोपरा. सासूचं नाव काढलं नाही. “आमच्या लक्षात आलं,” एवढंच म्हणाली.

शनिवारी नेलं खरं, पण उघडायला नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढला, पुन्हा पोट चाचपलं. म्हणाल्या, जाडसर आहे ते पुढे सरकलंय, गाठ अशी सरकत नाही. पोट सुटायचं औषध दिलं, मंगळवारपर्यंत वाट बघू म्हणाल्या, मधेच खाणं सोडलं किंवा निपचित पडला तर लगेच आणा. मग माझ्याकडे वळून विचारलं, “आजी, तो सरस खरंच इतका चवदार असतो?” मी म्हटलं, “मी कारागीर आहे, चाखत नाही.”

शनिवार गेला, रविवार गेला. चार माणसं एका ट्रेवर डोळे लावून बसली होती. मुकादम येता जाता आमच्याकडे असा बघायचा की यांना कामधंदा नाही का.

सोमवारी सकाळी सव्वासातला न्हाणीघरातून सून ओरडली, “आला!”

मुलगा तोंडात ब्रश तसाच ठेवून धावला. मी गुडघा विसरून धावले. हे खुर्चीतून विचारत राहिले, “अरे काय आलं, कोण आलं?”

“चौथा कोपरा आला!” मी ओरडले.

बोटभर लांब, केसांत आणि सरसात वळलेला, जुन्या दोरखंडासारखा. सून गुडघ्यावर बसून त्याच्याकडे अशी बघत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला हसू. आणि मग मलाही पाणी. मुकादम आमच्याकडे पाठ करून उभा होता, काम आम्हीच केलं आणि त्यानं फक्त देखरेख केली अशा थाटात. तिनं ते बाटलीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली. नळाच्या पाण्यालासुद्धा एवढ्या निगुतीनं चिठ्ठी लावत नसेल.

मंगळवारी फोटो स्वच्छ निघाला.

आता बरं चाललंय. मुकादमाची पाठ हाताला पुन्हा गुबगुबीत लागते. तोललेले खडे खातो, कुरकुर करतो, पण खातो. रविवारी एक चमचा सायीला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, म्हणजे मी काढून घेतली. गोणपाटाला मुलानं झाकणाचा पत्र्याचा डबा केलाय, त्यावर मुकादम बसतो आणि मधूनमधून झाकणाचा वास घेऊन उसासा टाकतो. मागच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा लागला. मी मागितला नव्हता. एक दिवस बाजारातून आले तर लागलेला होता, आणि मी तो धरते, कुणी बघत नसताना.

गेल्या आठवड्यात सुनेची वही संपली. मी दुसरी शिवली. जाड कागद, लाल कापड, आणि पाठीला सरस नाही, पिठाची खळ. तिनं चाटली तरी काही व्हायचं नाही, म्हटलं. ती नुसती हसली आणि वही छातीशी धरून आत गेली.

काल ती कामावर गेल्यावर उघडून बघितली. सवय लागली, काय करणार? डाव्या पानावर वरती ‘मुकादम’. उजव्या पानावर वरती ‘आई, गुडघा’. खाली मुंग्या: ‘सोमवार. पायऱ्या दोनदा उतरल्या. कठडा धरला. संध्याकाळी थोडी सूज.’

म्हणजे बघत होती!

संध्याकाळी ती आली. पिशवी ठेवली, मुकादमाला उचललं, त्याच्या पोटाला कान लावला. हे खुर्चीत संध्याकाळ व्हायची वाट बघत बसले होते. मी वही टेबलावर आपटली आणि म्हटलं, “इकडे ये. बस. ऐक. तराजू आणलास, फ्रिजवर मला चित्र काढून दाखवलंस, आणि आता बोक्याच्या शेजारच्या पानावर सासूला नेऊन बसवलंस. तुझ्याइतकी नसती उठाठेव करणारी बाई मी या घरात दुसरी एकच बघितलीय, आणि ती मी. वही चालू ठेव. फक्त अक्षर मोठं काढ, मला रोज वाचायला लागतं.”